अंधारीत मशाल विझते तेव्हा

सहावीत असताना आमची सहल देवगिरीच्या किल्ल्यावर गेली होती. खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही अंधारी म्हणतात त्या भुयाराच्या तोंडाशी आलो. वाट दाखवायला मशालवाले एक चाचा होते. ते म्हणाले, "बेटा, एकमेकींचे हात धरा. इथल्या पायऱ्या सारख्या नाहीत." कातळ फोडून काढलेली ती वाट आत शिरताच वळते, पुन्हा वळते. पायरी कुठे गुडघ्याएवढी, कुठे नुसती पसरट. वटवाघळांचा उग्र वास आणि मशालीच्या तेलाचा धूर. मधोमध पोचल्यावर चाचांनी काही न सांगता मशाल विझवली.

आधी कुणीच किंचाळलं नाही. आधी आली ती नावं. कुणी मैत्रिणीचं नाव घेतलं, कुणी बाईंना हाक मारली. माझा उजवा हात कुणाच्या तरी हातात होता आणि तो कुणाचा हे मला कळेना. आजीनं सांगितलेली हडळ, पिंपळावरचा मुंजा, यातलं काहीही त्या वेळी मनात आलं नाही. हा हात सुटला तर काय, एवढंच आलं.

आज मी याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, एकांकिकांची प्रकाशयोजना करते, थोडंफार चित्रीकरण करते आणि मुलांना सिनेमा दाखवून त्यावर बोलते. भयपटाला एवढा अंधार कशाला लागतो, असं मुलं दरवर्षी विचारतात. माझं उत्तर त्या अंधारीतून सुरू होतं. वीसेक वर्षांत त्याला जी भर पडली, ती इथे मांडते आहे.

१. अंधारात माणूस आधी हाक मारतो

अंधारात 'काहीतरी' असेल म्हणून आपण घाबरतो, असं मानलं जातं. माझा अनुभव त्याच्या थोडा अलीकडचा आहे. अंधारात आपलं माणूस आहे की नाही हे कळेनासं होतं आणि भीतीची सुरुवात तिथे होते. लहान मूल रात्री जागं होतं तेव्हा पलंगाखाली बघत नाही, ते आईला चाचपतं.

म्हणून चांगल्या भयपटातली सगळ्यात वाईट जागा भूत दिसण्याची नसते. कुणीतरी नावानं हाक मारतं, पुन्हा मारतं आणि हाकेला ओ येत नाही, ती असते. आपल्याकडच्या जुन्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. रात्री बाहेरून हाक आली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही, असं माझी आजी बजावायची. या समजुतीची धार बघा. अंधारात आपल्याला आधार उरतो तो फक्त आवाजाचा, आणि नेमका त्या आवाजावरच संशय पेरलेला. एका वाक्यात पूर्ण भयकथा आहे ही. पटकथा लिहिणाऱ्या मुलांना मी आधी हेच वाक्य फोडून बघायला देते.

२. डोळ्यांना वेळ द्या

मुलांना मी दर वर्षी वेरूळला नेते. एप्रिलच्या उन्हातून थेट १० क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा चैत्यगृहात शिरायचं आणि बोलायचं नाही. आधी फक्त काळोख. मग खांबांच्या रांगा सुटतात, वर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्या दिसू लागतात आणि हळूहळू स्तूपासमोर बसलेला बुद्ध पुढे येतो. तो आल्यासारखा वाटतो. खरं तर आपण त्याच्यापर्यंत पोचायला वेळ घेतलेला असतो.

याचं कारण साधं आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अंधाराला दहाएक मिनिटांत सरावतात, पण मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यात आणखी एक गंमत आहे. आपण जिथे नजर रोखतो, त्या नेमक्या बिंदूसाठी डोळ्यात दंडपेशीच नसतात. म्हणून गच्चीवरून अंधुक तारा बघताना सरळ पाहिलं की तो नाहीसा होतो आणि जरा बाजूला पाहिलं की पुन्हा उगवतो. अंधारात रोखून बघाल ते हरवतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं मात्र दिसतं. भुताखेतांचा अर्धा संसार या कोपऱ्यातच वसला असावा.

जाणता दिग्दर्शक याच कोपऱ्यात काम करतो. पात्र मधोमध बोलत असतं आणि मागच्या दाराच्या काळ्या चौकटीत काहीतरी किंचित जास्त काळं असतं. कॅमेरा तिकडे वळत नाही. वळला की संपलं.

त्याच फेरीत मुलांना २९ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत, डुमार लेण्यापर्यंत चालवते. तिथे अंधकासुराच्या वधाचं भलंमोठं शिल्प आहे. पुराणातली त्याच्या जन्माची कथा अशी: पार्वतीनं खेळता खेळता मागून येऊन शिवाचे डोळे झाकले, सगळं जग काळोखात बुडालं आणि शिवाच्या कपाळाच्या उबेनं तिच्या हातांना सुटलेल्या घामातून एक आंधळं, काळंभोर मूल जन्मलं. तोच अंधक. प्रेमाच्या माणसानं केलेल्या थट्टेतून राक्षस जन्मावा! ही कथा मी इतक्या वेळा सांगितली आहे, तरी दर वेळी त्या शिल्पासमोर माझ्या अंगावर काटा येतो.

३. उजेडही फसवतो

अंधारीत एका जागी बाहेरचा उजेड आत येतो. किल्ल्यावरचे वाटाडे सांगतात, की चाचपडत वर येणारा शत्रू तो उजेड बघून हायसं वाटून तिकडे धावायचा आणि थेट खालच्या खंदकात जायचा. वाटेच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून खालच्यांना धुरानं गुदमरवण्याचीही सोय होती. ज्यानं कुणी ही वाट आखली, त्याला माणसाचं मन बारकाईनं माहीत होतं. काळोखात राहिलेल्याला उजेडाचा मोह आवरत नाही, हे ओळखून त्यानं सापळा उजेडात लावला.

भयपटात ही युक्ती मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. १९६७ च्या 'वेट अंटिल डार्क'मध्ये ऑड्री हेपबर्ननं साकारलेली दृष्टिहीन बाई घरातले दिवे फोडून टाकते, म्हणजे घरात शिरलेला माणूस तिच्याइतकाच आंधळा होईल. इथे अंधार तिचा आहे, तिच्या बाजूनं लढणारा. आणि मग तो माणूस फ्रिजचं दार उघडतो. तो एवढासा पांढरा उजेड बघून पोटात जो खड्डा पडतो, तो कुठल्याही काळोखानं पडला नव्हता. शेवटच्या प्रसंगाच्या वेळी थिएटरांतले दिवेही कायद्यानं चालतील तितके मंद केले जातील, अशी जाहिरातच तेव्हा केली होती.

४. नुसता काळा पडदा म्हणजे अंधार नव्हे

हे मी हरून शिकले. २००९ साली जुन्या शहरातल्या एका वाड्यात आम्ही पंधरा मिनिटांची भयकथा चित्रित केली. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, रात्री खरोखरच गल्लीच्या गल्ली बुडायची. मला वाटलं, खरा अंधार फुकट मिळतो आहे, तर तोच पकडू. दिवे जवळजवळ लावलेच नाहीत. एका सभागृहात पडद्यावर पाहिलं तेव्हा तिथे अंधार नव्हताच. राखाडी मुंग्या वळवळत होत्या आणि त्यांच्यामागे कुणीतरी बोलत होतं. तिसऱ्या मिनिटाला रांगेत मोबाइल उजळू लागले. आठ जणांची दहा रात्रींची मेहनत होती ती. घरी आल्यावर मी रडले.

नंतर एका ज्येष्ठ प्रकाशयोजनाकारांनी मला समजावलं, "अगं, अंधाराला काठ लागतो. विहीर खोल आहे हे कळायला कठडा दिसावा लागतो." तेव्हापासून मी आधी काठ शोधते: भांड्याची कड, केसांची बट, उंबऱ्याची रेघ. तेवढी उजळली की उरलेला काळोख प्रेक्षक स्वतः खोल करून घेतो. रात्रीच्या प्रसंगाला दिवसाच्या प्रसंगापेक्षा जास्त विचारानं दिवे लावावे लागतात, हे नवशिक्याला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं.

५. बॅटरीचा सेल संपत आलाय

माझं आजोळ गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या पट्ट्यातलं. मामा शेती करतात. आठवड्यातले काही दिवस पंपाला रात्रीची लाईन असते, मग मध्यरात्री उठून दारं धरायला जायचं. पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी. साप, विंचू, हल्ली उसात बिबट्या. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि ती का आहे हे कळायला एक रात्र मामांबरोबर बांधावरून चालून बघावं. ज्या अंधाराची आम्ही तिकिटं काढतो, तो त्यांना आठवड्यातून तीन-चार रात्री तुडवावा लागतो.

एकदा मामा शहरात मुक्कामी होते. मी घरी एक इंग्रजी भयपट लावला होता. पडक्या घरात एक मुलगी टॉर्च घेऊन फिरते, असला ठरावीक प्रसंग. मामांना भाषा कळत नव्हती, भुताचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण एका जागी ते एकदम पुढे सरकून बसले. मी विचारलं, "काय झालं, मामा?"

"तिच्या बॅटरीचा सेल संपत आलाय. उजेड पिवळा पडला बघ. पोरीनं आता माघारी फिरायला पाहिजे."

दिग्दर्शकानं तो उजेड मुद्दाम पिवळा करत आणला होता. मला, या धंद्यातल्या बाईला, ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी भयपटात भूत शोधायचं सोडलं. मी दिवा शोधते. तो कुणाच्या हातात आहे, त्यात तेल किती आहे, वारा कुठून येतो आहे. त्या हातावर आपला जीव जडला नसेल, तर कितीही काळोख ओता, काही होत नाही.

'तुंबाड'चं मोठेपण मला यात दिसतं. राही अनिल बर्वे या दिग्दर्शकाला या चित्रपटाचं बीज १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकलेल्या नारायण धारपांच्या कथेत सापडलं. म्हणजे ही गोष्टसुद्धा आधी अशीच कुणीतरी कुणाला सांगितलेली. चित्रपट हिंदीत असला तरी माती, वाडा, पाऊस सगळं आपलं. त्यातला पहिला भाग आठवा. भाऊ पडून जखमी होतो, आई त्याला घेऊन निघते आणि छोटा विनायक घरात साखळदंडानं बांधलेल्या म्हातारीबरोबर एकटा उरतो. तिला भरवायचं काम त्याच्यावर. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यानं तिथे उजेड इतका मोजून दिला आहे, की ज्योत हलली तरी आपण श्वास धरतो. पुढे विनायक मोठा होऊन लोभापायी स्वतःहून दिवा घेऊन खाली उतरतो, तेव्हाही आपल्याला त्या एकट्या पोराचीच आठवण असते. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा त्याला फार गर्दी झाली नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला. घरी मोबाइलवर पाहिलेला चित्रपट बघायला माणसं पुन्हा अंधाऱ्या सभागृहात गेली, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

६. अंधारात कान मोठे होतात

१९९७ साली ख्रिश्चन ग्रिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवर एक प्रयोग केला. अचानक मोठा आवाज झाल्यावर माणूस उजेडात जितका दचकतो, त्यापेक्षा अंधारात जास्त दचकतो, असं त्यांना आढळलं. उंदरांचं उलटं असतं. ते निशाचर, म्हणून लख्ख उजेडात जास्त दचकतात. उंदरांनी भयपट काढला तर तो भर दुपारी, मोकळ्या मैदानात घडेल.

नाटकात मी हे रोज वापरते. प्रकाश मंद करत न्यायचा आणि आवाजाला हातही लावायचा नाही. प्रेक्षकांना वाटतं आवाज वाढला. शेवटच्या रांगेतल्या माणसाला रंगमंचावरच्या बांगड्या ऐकू यायला लागतात.

७. पैसे नसले तर अंधार आहे

१९४२ च्या 'कॅट पीपल'च्या वेळी निर्माता व्हॅल लुटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांच्याकडे पैसा तुटपुंजा होता. त्यांनी जनावर दाखवण्याऐवजी पोहण्याच्या तलावाच्या भिंतींवर सावल्या हलवल्या. रात्री रस्त्यानं एकटी चाललेली बाई, मागून येणारी पावलं, मग ती पावलं थांबतात आणि फिस्स करत समोर येते ती बस! ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी लोक अजून त्या बसला दचकतात. आमच्या मुलांकडे पैसे नसतातच, म्हणून हा प्रसंग त्यांना मी दोनदा दाखवते.

८. भर दुपारीही अंधार असतो

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' २०१७ साली आला. पूजा सावंतनं साकारलेली गर्भवती नायिका, उसाच्या फडाच्या मधोमध एक घर. ऊन लख्ख पडलेलं आणि तरी जीव घाबरा होतो. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. लहानपणी आजोळी चेंडू आणायला मी एकदा उसात शिरले होते. दहा पावलांवर बांध, पण तो कुठल्या अंगाला हे कळेना. चारी बाजूंनी तीच पाती, तोच सळसळाट, वर आभाळाची चिंधी. गावात याला चकवा लागणं म्हणतात. रात्र नव्हती, पण अंधारानं जे होतं ते सगळं झालं होतं: दिशा गेली, अंतर गेलं, माणसं गेली. मामेभाऊ बाहेरून ओरडत राहिला आणि त्याच्या आवाजामागे मी बाहेर आले. आजीची ताकीद मला तेव्हा आठवली होती. तरी मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

'लपाछपी'त उसाच्या आड जे दडलं आहे, ते मुलगी नको म्हणणाऱ्या घराचं पाप आहे. तेही असंच भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून त्या चित्रपटाला रात्र लागली नाही.

९. टॉकीजचा अंधार सोबतीचा असतो

रिळावरच्या सिनेमाबद्दल एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झाले होते. सेकंदाला २४ चौकटी सरकताना प्रोजेक्टरचं शटर उजेड सतत अडवतं, त्यामुळे पडदा जवळजवळ अर्धा वेळ काळाच असतो. दोन तासांच्या चित्रपटात आपण तासभर निखळ अंधार पाहिलेला असतो आणि तो आपल्याला जाणवतही नाही. डिजिटल आलं आणि हा अंधार गेला.

पण खुर्च्यांमधला अंधार अजून आहे. माझ्या आईनं १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा' लग्नाआधी मैत्रिणींबरोबर टॉकीजमध्ये पाहिला होता. आता तो टीव्हीवर लागला तर ती एकटी बसत नाही, मला बोलावते. ती म्हणते, "तेव्हा शेजारची इतकी घाबरली होती की माझा दंड काळानिळा झाला." चित्रपटातले प्रसंग तिच्या आठवणीत मागेपुढे झाले आहेत. तो दंड मात्र पक्का आहे.

मुलं भयपट मोबाइलवर बघतात, कानात इअरफोन, वर ट्यूबलाइट. मग म्हणतात, मॅम, भीती नाही वाटली. मी त्यांना दोष देत नाही. पण दर वर्षी एक चित्रपट तरी मी सगळ्यांना एकत्र, दारं-खिडक्या काळ्या कागदानं बंद करून दाखवते. फोन बाहेर टोपलीत. सुरुवातीची दहा मिनिटं चुळबूळ असते. मग खुर्च्या हळूच सरकतात. एकमेकींच्या जवळ.

१०. अंधारीत पुन्हा

दोन वर्षांपूर्वी चौदा मुलं-मुली घेऊन देवगिरीला गेले. अंधारीत एका जागी मी सगळ्यांना मोबाइलचे दिवे बंद करायला सांगितले. मुलं मोठी होती, कॉलेजातली. त्यांना आधी सांगून ठेवलं होतं, की एक मिनिट थांबायचं आणि काय होतं ते लक्षात ठेवायचं.

दिवे गेले. वर वटवाघळं फडफडली. कुणीतरी नाव घेतलं, मग दुसरं नाव, मग बरीच. नाव घेतलं की पलीकडून 'आहे' येत होतं. एका नावाला 'आहे' आलं नाही. ते पुन्हा घेतलं गेलं, जरा मोठ्यानं. मीही त्या आवाजात आवाज मिसळला. मिनिट व्हायला अजून वीसएक सेकंद असतील, पण कुणीतरी आधीच दिवा लावला.

ती मुलगी दोन पायऱ्या खाली, भिंतीला पाठ लावून उभी होती. सर्दीनं तिचा आवाज बसला होता. ती मघापासून 'आहे, आहे' म्हणत होती.